निर्दोष आकाश

पडदा काळा झाला.

अनीश भिंतीला टेकून उभा होता. प्रोजेक्टर घरघरत होता. खाली मल्हारगंजच्या गल्लीत कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं. या दोन आवाजांच्या मधली शांतता त्याला सोसवेना. शोभनाकाकू खुर्चीत पुढे झुकून बसल्या होत्या. शेवटचा भाग संपला होता, तरी त्यांचे डोळे त्या काळोखात काहीतरी चाचपत होते. त्यांची मुलगी अनुश्री पडद्याकडे नव्हे, आईकडे पाहत होती.

"टाइम लागतो तिला, भिया," अनुश्री अखेर इंदुरी लकबीत म्हणाली. "पोह्यांत मीठ कमी आहे हे आईला दुसऱ्या प्लेटनंतर समजतं."

कुणी हसलं नाही. तीही नाही.

रविवारी सिमरोलच्या वाटेवरच्या एका सभागृहात 'नभनौका'चा खेळ ठरला होता. त्या जुन्या मालिकेवर जीव टाकणारी माणसं गावोगावहून येणार होती. काकूंनी एकदा 'नको' म्हटलं असतं, तर सारं तिथेच थांबलं असतं. मालिका त्यांची होती. त्यांची आणि दिवंगत दिनानाथांची. चाळीसएक वर्षांपूर्वी या नवराबायकोने इंदूरमधल्याच एका गोदामात या कळसूत्री बाहुल्या खेळवल्या होत्या. जेवणाच्या डब्यांचं अंतराळयान, सायकलच्या तारांचे अँटेना, उदबत्तीच्या धुराची तेजोमेघमाला. आणि सेनापती वरुण. त्याच्या लाकडी चेहऱ्यावर पापणीसुद्धा लवत नसे. पण बोलण्यापूर्वी तो क्षणभर थांबे, मान किंचित कलती करी, आणि त्या थांबण्यात एका अख्ख्या विश्वाचं एकटेपण मावे. नाशिकला लहानपणी पुनःप्रक्षेपणात पाहिलेल्या त्या मानेने अनीशला वेड लावलं. तो पुढे ग्राफिक्सच्या धंद्यात आला आणि नोकरीसाठी इंदूरला पोचला, त्याच्या मुळाशी ती मान होती.

मालिकेच्या उरलेल्या एकमेव, बुरशी खाल्लेल्या टेपा काकूंनीच त्याच्या हाती दिल्या होत्या. "शेवटचा भाग आधी कर," एवढंच म्हणाल्या होत्या. ती टेप यंत्रात एकदाच धावली आणि तिचा लेप भुग्यासारखा गळून पडला. पण तेवढ्यात सारं कॉम्प्युटरवर उतरलं होतं. त्या रात्री अनीश आनंदाने रडला होता.

"काकू, आवडलं ना?" त्याने विचारलं. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

"वरुण कोसळतो, तिथून पुन्हा लाव."

त्याने लावलं. उद्ध्वस्त यानात सेनापती वरुण खाली मान घालून पडलेला. मागे ताऱ्यांनी भरलेलं आकाश. मग ती मान हळूहळू वर आली. आपली आपण, जणू लाकडालाच जगावंसं वाटलं होतं.

काकूंची बोटं खुर्चीच्या हातावर आवळली.

"इथे एक हात होता," त्या म्हणाल्या.

अनीशच्या छातीवरचं ओझं उतरलं. म्हणजे त्यांच्या लक्षात आलं होतं! त्याच्या कष्टाचं नेमकं ठिकाण त्यांनी ओळखलं होतं. तो भरभरून बोलू लागला.

"तेच तर सांगणार होतो, काकू! सगळ्या दोऱ्या काढल्या, एकेका फ्रेममधून. पण खरं काम इथे होतं. मानेची दोरी तुटली असणार, म्हणून वरून कुणाचा तरी हात येतो आणि हनुवटी धरून वर करतो. लोक फार हसायचे त्याला. 'देव आला, देव आला' म्हणायचे. इतक्या सुंदर प्रवेशात तेवढाच एक डाग. मी हात पुसला आणि मागचे तारे एकेक करून रंगवले. आता कुणी हसणार नाही."

"मूळ तर असेल ना?" अनुश्रीने विचारलं. तिच्या आवाजातली गंमत विझली होती.

"नाही ठेवलं. कुणाच्या हाती लागलं असतं तर पुन्हा थट्टा झाली असती. मी कायमचं डिलीट केलं."

खालचा टेम्पो निघून गेला होता.

"अनीश," अनुश्री सावकाश म्हणाली, "बाबा गेले तेव्हा मी आईच्या पोटात होते. फोटो आहेत घरात, ढीगभर. पण हलणारे बाबा मी कधी पाहिले नाहीत. 'नभनौका' पुन्हा लागायची तेव्हा आई टीव्हीच बंद करायची. ते जन्मभर दोऱ्या धरून फ्रेमच्या वर उभे राहिले. खाली आले ते तेवढे एकदाच."

अनीशने काकूंकडे पाहिलं. "मला... तुम्ही सांगितलं का नाही, काकू?"

"जी हिला दाखवायचीच होती, ती गोष्ट तुला सांगायची कशाला?" काकू म्हणाल्या. त्यात राग नव्हता. राग असता तर त्याला उभं राहायला जागा मिळाली असती.

पडद्यावर त्याचे तारे स्थिर चमकत होते. एकही चुकलेला नव्हता.

अनुश्री आईच्या पायाशी येऊन बसली. चाळिशीला टेकलेली ती बाई लहान मुलीसारखी आईच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून म्हणाली, "आई, तू तरी करून दाखव ना. कसा यायचा गं तो हात?"

शोभनाकाकूंनी उजवा हात उचलला. तो मुलीच्या हनुवटीपर्यंत आला. बोटं थोडी वळली, थोडी उघडली, पुन्हा वळली. मग थांबली. काकू त्या बोटांकडे पाहत राहिल्या, ओळख पटत नसलेल्या माणसाकडे पाहावं तशा. त्यांनी हात पदराखाली घेतला आणि त्या आत निघून गेल्या.