पहिल्या टेबलावरची बाई

एलादियोचं दुकान एकाच दुःखावर चालायचं: वीस वर्षांपूर्वी बायको मिलाग्रोस त्याला सोडून गेली होती. डोमिनिकन गावांतल्या बारमध्ये तो बचाता, म्हणजे गिटारवरची विरहगीतं गायचा. ‘परत ये’ म्हणताना त्याचा गळा दाटला की ट्रकड्रायव्हरसुद्धा डोळे पुसायचे.

मग ती खरंच परत आली. रविवारी दुपारी पहिल्या टेबलाशी बसली आणि एलादियो तेच गाणं हसतमुखानं गायला. कंटाळून लोकांनी डॉमिनोचा डाव मांडला.

“मास्तर, एवढं सुख आपल्याला परवडायचं नाही,” त्याच्या साथीला असलेला गिटारवाला कुजबुजला. “वहिनींना घरी ठेवा.”

मिलाग्रोसनं ऐकलं. “तेच गाणं पुन्हा धर रे,” ती म्हणाली.

दुसऱ्या कडव्याला ती उठली, पर्स काखेत मारली आणि मागे न बघता दाराबाहेर गेली. एलादियोचा आवाज चिरकला. डाव थांबला, कुणीतरी हुंदका दिला. पण गाणं अर्धवट टाकून तो बाहेर धावला.

ती पायरीवरच बसली होती. “वेड्या, लोक रडायला लागले होते ना! आत जा.”

“मागच्या वेळीही पर्स अशीच काखेत मारली होतीस,” तो धापा टाकत म्हणाला.

“हो. पण मागच्या वेळी तू धावला नव्हतास.”