रेघेच्या बाहेर

"तुझी खुर्ची तंबूत मांडलीय," ट्रिश म्हणाली. "सावली आहे, लिंबाचं सरबत आहे. आल्यागेल्याला हेल्मेटं वाटायची, बस्स."

वर्नाने गाड्या थांबवायचा लाल बावटा उचलून काखेत मारला. "मला बसवून ठेवायला कुणी सांगितलं ते कळतं मला. संसार केलाय मी त्याच्याबरोबर."

ट्रिशने जीभ चावली. शर्यतीतली कामं वाटून देणं तिच्याकडे होतं, आणि सकाळी टायरची हवा बघता बघता एल्डन तिच्या कानाला लागला होता: बायकोचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, तिला मैदानात पडलेले शंकू उचलायला पाठवू नकोस. पण वर्नाला तोंडावर नाही म्हणायची छाती अख्ख्या नेब्रास्कात कुणाची नव्हती.

"बरं बाई, चल. मी आहे तुझ्या जोडीला. पण खाली वाकलीस आणि कुणी धरून उठवावं लागलं, तर तंबू. पुढच्या वर्षीसुद्धा तंबूच."

"कबूल," वर्ना म्हणाली.

बंद पडलेल्या विमानतळाच्या डांबरावर नारिंगी शंकूंची नागमोडी वाट मांडली होती. तिच्यातून एकेक गाडी सुटायची, घड्याळाशी झुंजायची. शंकू आडवा झाला की त्या कोपऱ्यावरच्या माणसांनी धावत जाऊन उभा करायचा. वर्नाच्या, म्हणजे तिसऱ्या कोपऱ्यातले सगळे शंकू ट्रिशनेच उभे केले. वर्नाने पाऊल उचलायच्या आत ही पळालेली असायची. वर्नाची हनुवटी पुढे पुढे येत चालली होती.

मग एल्डनची शेवटची फेरी आली. ड्वेनची वेळ मागे टाकायची होती. ड्वेन म्हणजे त्याचा जिवाभावाचा दोस्त, आणि त्याला एल्डनने एकदाही हरवलेलं नव्हतं. दोस्ताकडून हरणं फार झोंबतं, आणि ड्वेनही जखमेवर मीठ चोळायला विसरत नसे.

जुनी लाल गाडी आली ती अशी सुरेख आली की वर्ना बावटा काखेत धरून नाचायलाच लागली. "वळव, वळव... शाब्बास, म्हातारोबा!"

त्या कोपऱ्यातल्या शेवटच्या शंकूला गाडीचं मागचं अंग निसटतं लागलं. शंकू पडला नाही. थरथरत थोडा सरकला आणि उभा राहिला.

लाऊडस्पीकरवर वेळ ऐकू आली. ड्वेन मागे पडला होता. टाळ्या, शिट्ट्या. मग वॉकीटॉकी खरखरली: "तिसरा कोपरा, शंकू हलला का?"

ट्रिश निघालीच होती.

"ट्रिश! जागची हललीस तर याद राख," वर्ना ओरडली.

प्रत्येक शंकूच्या बुडाभोवती खडूचा चौकोन असतो. शंकू हलला, पण बूड रेघेला जरा जरी शिवून राहिलं, तर माफ. रेघ सुटली तर दोन सेकंदांचा दंड. उभ्याने ते दिसत नाही. खाली जावं लागतं.

वर्ना लंगडत शंकूपर्यंत गेली. मग बावटा बाजूला ठेवून तिने एक हात डांबरावर टेकला, एक गुडघा टेकला, दुसरा टेकला, आणि गाल जवळजवळ जमिनीला लावला. ट्रिशने तोंडावर हात ठेवला. पुढची गाडी थांबवून ठेवली होती. पलीकडे एल्डन हेल्मेट काढून गाडीबाहेर उभा राहिला होता.

आता उठायचं होतं. ती आधी चार पायांवर झाली. मग गाय उठते तशी मागची बाजू वर आली, मग एक हात सुटला, मग दुसरा. मध्येच ती डुगडुगली. ट्रिशने पाऊल उचललं आणि तिथेच रोखून धरलं. वर्ना सरळ झाली. शंकू पायाने चौकोनात ढकलला, बावटा मात्र तिथेच राहिला.

"एक शंकू," ती धापा टाकत वॉकीटॉकीत म्हणाली. "बाहेर."

"नक्की का, वर्ना?"

"चांगली दोन बोटं बाहेर. माझ्याच नवऱ्याचा आहे, नीट बघितलाय."

लांबून ड्वेनने गाडीचा भोंगा वाजवायला सुरुवात केली तो थांबेचना.

ट्रिशने बावटा उचलून आणला. "काय बाई तू! रात्री जेवायला तरी घालेल का तो तुला?"

"बघू."

एल्डन मैदान ओलांडून आला. कान लाल झाले होते. जिंकलेली फेरी बायकोने काढून घेतली की माणसाने काय बोलायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं. शंकूकडे त्याने पाहिलंही नाही.

"दुखलं का गं?"

"जाम," वर्ना म्हणाली आणि हसू लागली. "तू शेवटी घाई केलीस."

"केली खरी." त्याला तिचा फार अभिमान वाटत होता, आणि ते सांगता येत नव्हतं. सवयीने तिचं कोपर धरायला त्याने हात पुढे केला, मग अर्ध्यातच मागे घेतला. तिच्या पँटच्या दोन्ही गुडघ्यांवर खडूचे पांढरे पट्टे उमटले होते. निदान ते तरी झटकावेत म्हणून तो वाकला.

"हात लावू नकोस," वर्ना म्हणाली. "बक्षीस समारंभाला मी अशीच येणार आहे."