राक्षसिणीची एन्ट्री

"तुमच्यात एखादी राक्षसीण लागते का?"

एवढं टाईप करून शलाकाचं बोट एंटरवर अडलं. शेजारून हर्षदाने तिची वेणी ओढली.

"दाब ना. पैज घेतलीस ना? आता कशाला घाबरतेस?"

"घाबरतंय कोण," शलाका म्हणाली आणि तिने एंटर दाबलं.

डोंबिवलीतल्या उत्तमदादांच्या सायबर कॅफेत, दोन खुर्च्यांवर शलाका, हर्षदा आणि विनया, तिघी मैत्रिणी दाटीवाटीने बसलेल्या. शनिवारची अर्धी शाळा सुटली की शलाका या चॅटरूममध्ये यायची. तिथे 'नवग्रह' नावाची पाच जणांची टोळी मिळून एक गोष्ट रचत असे. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि त्याच्या तोंडून पुढची ओळ लिहायची, इंग्रजी अक्षरांत पण मराठीत. त्यांच्या गोष्टीत अंतराळयानं होती, भालेही होते. शलाकाला त्या गोष्टीत शिरायचं होतं. आधी ती राजकन्या म्हणून गेली. उत्तर आलं, "राजकन्या नको, वाचवत बसावं लागतं." मग वैद्य म्हणून गेली. "वैद्य आहे आमच्याकडे." मग विनया म्हणाली होती, "तू राक्षसीणच विचार. शोभशील. लाव पैज, घेतील."

पडद्यावर ओळ उमटली. टोळीतला सेनापती वज्रकेतू लिहीत होता, "राक्षसीण? चालेल. व्हायला कुणी तयारच होत नाही. ये आत."

तिघी किंचाळल्या.

"ए, हळू," काउंटरवरून उत्तमदादा म्हणाले. "इथे लोक अमेरिकेला नोकरीचे अर्ज पाठवतायत."

शलाकाने नाव घेतलं कराली, आणि घर घेतलं शनीच्या कड्यांवर. कराली कडं फोडून बाहेर आली, गुरगुरली, आणि तेवढ्यात पाचही जण तुटून पडले. वज्रकेतूने भाला उचलला. कॅप्टन निहारने किरणांची बंदूक रोखली.

"तयार हो कराली," वज्रकेतूने लिहिलं. "आता तुला मारतो."

शलाकाने घाईघाईने विचारलं, "मेल्यावर मी काय करायचं?"

"मेल्यावर काय, बाहेर. पुढच्या वेळी दुसरा राक्षस."

"झालं," विनया म्हणाली. "एवढे शनिवार दारात उभी राहिलीस आणि आत येऊन चहाही नाही मिळाला."

शलाका हसली नाही. तिला गावच्या जत्रेतला दशावतार आठवत होता. सहदेवकाका राक्षस व्हायचे, लोकांच्या मागून आरडाओरडा करत यायचे. लिहिलेलं कुणाकडेच काही नसायचं, तोंडाला येईल ते बोलायचं. राजा तलवार उपसायचा, पण काका त्याला लढूच द्यायचे नाहीत. आधी त्याला नाव-गाव विचारायचे. राजाला सांगावंच लागायचं, आणि तो सांगायला लागला की झोपेने आडवी झालेली पोरं उठून बसायची.

तिने बोटं मोडली आणि टाईप केलं.

"थांब. कराली अनोळखी माणसाच्या हातून मरत नाही. कोण तू? कुणाचा? कुठल्या मातीतला? ते सांग, मग उचल भाला."

पडदा गप्प झाला.

"लाइन गेली काय?" हर्षदा पुटपुटली.

लाइन गेली नव्हती. वज्रकेतू लिहीत होता. वय काय, राहतोस कुठे, हे चॅटवर सगळेच विचारतात. हे मात्र त्याला कुणी विचारलं नसावं.

"मी मंगळावरच्या आंधळ्या लोहाराचा मुलगा," तो लिहू लागला. "उल्का पडून झालेल्या खड्ड्यात माझा जन्म. हा भाला बापाने हाताने चाचपून घडवला, म्हणून किंचित वाकडा आहे."

"माझंही ऐक," निहार मध्येच घुसला. "माझं यान माझ्या आजीने बांधलंय."

"आजीने बांधलं. मग तू काय केलंस?" करालीने विचारलं.

"रंग दिला."

विनया तोंडावर रुमाल धरून हसत सुटली. आता सगळेच एकदम लिहीत होते. कराली त्यांना दरडावून रांगेत उभं करत होती. एक जण नेहमी फक्त 'ओके' लिहायचा. त्याने आपल्या सात पिढ्या सांगितल्या आणि वर विचारलं, "आईकडच्याही सांगू का?" बंदूक कुणाच्या हातात होती, कुणालाच आठवत नव्हतं.

उत्तमदादांनी टेबलावर टकटक केली. "तास भरला, पोरींनो."

शलाकाने कीबोर्ड जवळ ओढला. आता नुसतं बंद करून पळता आलं असतं. पण तिने लिहिलं, "कराली निघाली. मारायचं असेल तर आत्ताच मारा."

हर्षदाने तिचा दंड घट्ट धरला.

"आत्ता नको," वज्रकेतूचं उत्तर आलं. "माझ्या आजोबांचं सांगायचं राहिलंय. पुढच्या शनिवारी चारला, आम्ही पाचही जण. तू ये नक्की."

आणि निहारची ओळ: "तोवर दुसऱ्या कुणाच्या हातून मरू नकोस."

शलाका धावतच घरी आली. आई खाली बसून गवार मोडत होती, बाबा तिच्यासमोर बसून शिरा काढत होते.

"बरी आलीस," आई म्हणाली. "पुढच्या शनिवारी मोहन्याला आत्याकडे सत्यनारायण आहे. हिरवा ड्रेस इस्त्रीला टाक."

"मी येणार नाही."

बाबांनी मान वर केली. "का गं? क्लासमध्ये परीक्षा आहे?"

हो म्हटलं असतं तर तिथेच सुटली असती. शलाका दोघांच्या मध्ये मांडी घालून बसली.

"परीक्षा नाही. चार वाजता पाच जण मला मारायला येणारेत, बाबा. मीच गेले नाही, तर त्यांनी मारायचं कुणाला?"