चौदा तास वीस मिनिटं

"अकरा हजार आठशे सत्तर किलोमीटर!" ताईने फोन गाडी चालवणाऱ्या नवऱ्यापुढे नाचवला. "थेट विमान, चौदा तास वीस मिनिटं. वारा समोरून धरला तरी पंधरा. आणि माझ्या धाकट्या भावाला लागले एकोणीस दिवस!"

"समोरचं दिसू दे," नवरा म्हणाला.

"एकोणीस दिवस म्हणजे चारशे छप्पन्न तास. तेवढ्यात माणूस पंधरा वेळा येऊन परत गेला असता."

"आलाय ना आता?"

"आलाय! सकाळी मेसेज टाकतो, 'दवाखान्यात आहे, आज ऑपरेशनच्या कागदावर सही करायची आहे, ये.' म्हणजे निस्तरायचं सगळं मी आणि सहीला हा हजर. सही मीच करणार. आईसमोर विचारणार त्याला, इतके दिवस कुठे होतास म्हणून."

निस्तरलं होतं तिनेच. आई पडल्याचा शेजारणीचा फोन येताच रुग्णवाहिका तिने पाठवली, दवाखाना तिने निवडला. आईची साखर आटोक्यात येईना, म्हणून ऑपरेशन लांबलं. रोज सकाळ-संध्याकाळ डॉक्टरांकडून आकडे घेऊन ती फोनमध्ये आलेख काढायची. ताप अर्ध्या अंशाने चढला तरी तिला कळायचं.

"आणि मी फोन केला की पहिल्या रिंगला उचलतो," ती म्हणाली. "दुपारी करते मी, म्हणजे तिकडे रात्रीचे अडीच. मागे कसली तरी चाकं कुरकुरत असतात. त्या वेळी कुठल्या बाजारात फिरतो, देव जाणे."

"विचारलंस कधी?"

"'ताई, ऐक तर' म्हणून सुरुवात करतो. मी सांगते, कारणं नकोत. तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?"

"तू तरी..." एवढं बोलून नवरा थांबला. दवाखान्याचं फाटक आलं होतं.

ताईने घड्याळ पाहिलं. घरापासून चार किलोमीटर, बारा मिनिटं. फोनने दाखवली होती तेवढीच.

तिसरा मजला तिने पहारेकऱ्याला दोनदा विचारून गाठला. जिना संपताच एक औषधांची गाडी चाकं कुरकुरवत समोरून गेली. ताई अंग चोरून बाजूला झाली.

आई झोपली होती. पलंगाजवळच्या खुर्चीत भाऊ टॉवेलची घडी घालत होता. दाढी वाढलेली, पायात रबरी चपला.

"या, साता समुद्रापलीकडचे पाहुणे!" ताई दारातूनच कडाडली. "वाट चुकलात का?"

"ताई, हळू. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

"मला हळू सांगतोस? आईचं सगळं मी बघायचं आणि..."

"ऐक तर..."

"कारणं नकोत!"

आवाज ऐकून सिस्टर आत आली. हातातला कागद तिने भावापुढे धरला.

"दादा, इथे सही. आणि आज तरी जरा आडवे व्हा. अठरा रात्री झाल्या तुम्हाला या खुर्चीत."

मग ती ताईकडे वळली.

"आपण पेशंटच्या कोण?"