तुम्ही आत बसा

हौसरावांनी एकच खुर्ची मागवली आणि ती कॅमेरावाल्या बन्सीपुढे सरकवली. "बसा साहेब."

बन्सी चॅनेलमध्ये गेल्या महिन्यात लागला होता. बातमीदार नीलम होती, चांगली आठ-नऊ वर्षं. पण गावोगाव नमस्कार बन्सीलाच. ती माइक धरून उभी राहिली.

पाटसजवळच्या या गावातली शाळेची पोरं नळाचं पाणी पिऊन दौंडच्या दवाखान्यात पडली होती.

"सरपंच कुठे आहेत?" नीलमने विचारलं.

"मीच की," हौसराव बन्सीकडे बघून म्हणाले.

"सरपंच मोनिकाताई आहेत ना?"

"व्हय, ती आमची मंडळी. सही तिची, कारभार आमचा." स्वतःच्या विनोदावर ते खूश झाले. पोरं सलाईनवर होती, पण हौसरावांच्या सदऱ्याला कडक इस्त्री होती आणि तोंडाला पावडर.

"पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली?"

"साहेब, काय इचारायचं ते तुम्ही इचारा," ते बन्सीला म्हणाले. "ताई, तुम्ही आत बसा बायकांत. च्या घ्या. ह्या टाकीबिकीतलं तुम्हाला काय कळायचं?"

बन्सी ओशाळला. नीलमने त्या माणसाकडे एकदा नीट पाहिलं. भांडावं एवढाही तो मोठा नव्हता.

"बन्सी, यांचं सगळं ऐकून घे," ती म्हणाली आणि हात पुढे करून तिने कॅमेरा बंद केला. हौसराव तेव्हा केस विंचरत होते.

आत मोनिका गॅसपाशी चहा टाकत होती. नीलमने मोबाइल काढला.

"सरपंच, टाकी कधी धुतली होती?"

मोनिकाने दाराकडे पाहिलं. गॅस बारीक केला.

"मला सरपंच कुणी म्हणत न्हाई, ताई."

"मी म्हणतेय. बोलाल?"

"गणपतीपास्नं धुतलीच न्हाई. धुतली म्हणून कागद आला. मी म्हणलं, आधी धुवा. तर आमचे हे म्हणले, गप सही कर." तिचा आवाज चढला. "ती पोरं माझ्या अंगणात खेळत्यात. घ्या, माझ्या नावानिशी घ्या. तोंडबी दाखवा."

नीलमने मोबाइल तिच्या चेहऱ्यासमोर स्थिर धरला.

ओसरीवर हौसराव बंद कॅमेऱ्याला खणखणीत आवाजात सांगत होते, "आमच्या गावात बाईमाणसाला लई मान हाय."