न काढलेला समुद्र

पुन्हा बोटीवर जायचं की कायमचं घरी राहायचं, हे प्रतापरावांना आज ठरवायचं होतं. बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये धुसफूस नको, म्हणून जयवंतीने नवऱ्याला म्युझियममध्ये आणलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या पेन्सिलचित्रात माणसं किनाऱ्यावर निवांत लोळत होती. “अगं, समुद्र काढायचा राहिलाय,” इंजिनरूममध्ये जन्म घालवलेले प्रतापराव म्हणाले. “आमच्या ड्रॉइंगमध्ये कोरं म्हणजे तिथं काहीच नाही.” “अहो, जरा मागं सरका की!” ते दोन पावलं मागं सरकले. कोऱ्या कागदाचं पाणी झालं होतं, पार क्षितिजापर्यंत चमकणारं. “बाप रे, एवढा मोठा असतो हा? आयुष्यभर ह्याच्या पोटात राहिलो, पण असा बघितलाच नाही.” खिशातला फोन वाजला, कंपनीचाच. जयवंतीने मुद्दाम दुसरीकडे बघितलं. “नाही साहेब, आता जमणार नाही,” प्रतापराव चित्रावरची नजर न हटवता म्हणाले, “बायकोबरोबर समुद्रावर आलोय.”