बाहेरचा आवाज

“घालून बघा की काका, बघायला काय लागतंय,” काउंटरमागची मोना म्हणाली, तेव्हा कुंडलिकरावांनी डोक्यावरची टोपी काढून काचेवर ठेवली. त्यांची लेक स्वरूपा बघतच राहिली. तात्यांची टोपी चारचौघांत कुणासाठी उतरत नसे. जावयासाठी उतरली.

धोंड्याचा महिना होता. लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि जावयाच्या हातावर चांदीचं काहीतरी ठेवायचं, ही रीत. पण जळोचीच्या यशराजनं सासऱ्यांना फोनवरच सांगून टाकलं होतं, चांदी नको, भारीतला हेडफोन द्या, आधीचा पडून मोडला. तात्या या मागणीनं हरखून गेले. जावई हक्कानं मागतो म्हणजे आपल्याला परकं मानत नाही, असं ते लासुर्ण्यात भेटेल त्याला सांगत सुटले. उद्या यशराज जेवायला येणार होता आणि जाताना स्वरूपाला घेऊन जाणार होता.

तिला जायचं नव्हतं. माहेरी आल्यापासून ती हे एवढंच बोलायचं म्हणून तात्यांच्या मागं-पुढं करत होती. घरात आई पुरणाच्या तयारीत, चुलत्या-मावश्या अवतीभवती, बोलायला जागा नाही. म्हणून हेडफोन निवडायच्या निमित्तानं ती त्यांच्याबरोबर बारामतीला आली. वाटेत सांगू म्हटलं, तर जीप गावाबाहेर पडते न पडते तोच तात्यांनी धाकटीचा विषय काढला. छकुलीला बघायला इंदापूरचे पाहुणे येणार होते. “घर लय चांगलं हाय,” तात्या म्हणाले. “थोरलीचं झ्याक चाललंय म्हणून तर त्यांनी आपल्याला हुडकलं.” मग बारामती येईपर्यंत स्वरूपा उसाकडं बघत बसली.

आता काचेवर दोन काळे हेडफोन होते. इतके सारखे, की खोक्यांची अदलाबदल झाली तर दुकानदारालाही कळू नये. किमतीतल्या फरकात मात्र एक चांगली शेळी आली असती.

“गाणं दोन्हीत सारखंच ऐकू येतं,” मोना म्हणाली. “फरक म्हणाल तर बाहेरच्या आवाजाचा. महागातला तो जास्त बंद करतो. ताई, आधी तुम्ही ऐका.”

स्वरूपानं एक घातला, मग दुसरा. उजव्या कानात गाणं भरून आलं. डाव्या कानात दोन्ही वेळा ते भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटलं. दिवाळीपासून त्या कानाचं असंच होतं.

“सारखेच हायत,” ती म्हणाली.

तात्यांनी महागातला घातला. मोनानं गाणं लावलं आणि स्वरूपाला म्हणाली, “समोरून काहीतरी बोलून बघा.”

“तात्या, च्या घेणार का?”

तात्या मजेत मान डोलवत राहिले. चहाचं नाव काढूनही ते हलले नाहीत, म्हणजे खरंच ऐकू येत नव्हतं.

मग त्यांनी स्वस्तातला चढवला. मोना गाणं लावून देऊन खोकी आणायला आत गेली. तात्यांचं बोट काचेवर ठेका धरू लागलं. नजर समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीवर होती. स्वरूपा त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिला वाटलं, आत्ता म्हणून बघावं. ऐकू न येणाऱ्या माणसापुढं तरी एकदा तोंडातून बाहेर पडू दे.

“तात्या, आधीचा पडून न्हाय मोडला,” चहाचं विचारलं त्याच आवाजात ती म्हणाली. “त्यांनी माझ्या कानावर मारून मोडला. मला ह्या कानानं नीट ऐकू येत न्हाय. मला परत न्हाय जायाचं. मला घरीच ठिवा.”

तात्यांचं बोट थांबलं. गाणं संपलं असावं. त्यांनी हेडफोन काढून काचेवर ठेवला.

“ह्याच्यात बी कायबी ऐकू आलं न्हाय,” टीव्हीकडं बघतच ते म्हणाले.

कितीतरी दिवसांनी स्वरूपाला हलकं वाटलं. एवढे दिवस अडलेलं बोलणं निघालं होतं. एकदा निघालं म्हणजे पुन्हा निघेल. परतताना चहाला थांबायचं आणि तात्यांना समोर बसवून सगळं सांगायचं, तिनं ठरवून टाकलं. आणि कळल्यावर तात्या गप्प बसणारे नव्हते. कुणी बांध वीतभर सरकवला तरी भावकीत उभं राहून भांडणारा माणूस. ही तर लेक होती.

मोना खोकी घेऊन बाहेर आली. “मग काका, दोन्ही सारखेच वाटले ना? स्वस्तातलाच देते.”

तात्यांनी टोपी उचलली, डोक्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी नीट बसवली.

“न्हाय. महागातला बांधा.”

“अहो, उगाच जास्तीचे पैसे कशाला घालवता?”

“जावयाला द्यायचाय,” तात्या म्हणाले. स्वरूपाकडं त्यांनी पाहिलं नाही. “त्या दुसऱ्यात समदं ऐकू येतं.”